पुणे ते ब्रेमेन: एक्स्चेंज सेमिस्टरला जाणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी

मुठेकाठची

नमस्कार मंडळी. परदेशी मास्टर्स करण्यावर इथे भरपूर धागे आहेत. पण इथलीच पदवी चालू ठेवून मधलं एक सेमिस्टर बाहेरच्या विद्यापीठात करायचं, म्हणजे एक्स्चेंजवर जायचं, याबद्दल मराठीत फार कमी सापडतं. मी पुण्यात समाजशास्त्रात एम.ए. करते आणि गेल्या हिवाळी सेमिस्टरला जर्मनीत ब्रेमेन विद्यापीठात होते. जाण्याआधी मी जे शोधत होते ते लिहितेच, शिवाय जे शोधायला हवं हेसुद्धा माहीत नव्हतं तेही लिहिते. लांबेल, चालवून घ्या.

ब्रेमेन हे नाव औंधातल्या ब्रेमेन चौकामुळे आपल्या कानावर असतं. दोन शहरांची मैत्री जुनी आहे. शहर वेझर नदीच्या काठी, उत्तर जर्मनीच्या सपाट भागात. जुना टाउन हॉल आणि त्याच्या समोरचा १४०४ सालचा रोलांडचा दगडी पुतळा २००४पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. विद्यापीठ त्या मानाने तरुण, १९७१चं. विमानतळावरून सुटणारी ६ नंबरची ट्राम स्टेशनमार्गे थेट विद्यापीठात जाते, त्यामुळे पहिल्या दिवशी सामान घेऊन फार वणवण होत नाही.

आता अभ्यासाचं, कारण माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं तेच. आपल्याकडे सिलॅबस असतो, त्याची युनिट्स असतात, जुने पेपर असतात आणि शेवटी तीन तासांचा पेपर. तिथल्या माझ्या विषयांना पेपरच नव्हता. दर आठवड्याला तीस-चाळीस पानं वाचून जायचं आणि दीड तास त्यावर बोलायचं. प्रत्येकाने एकदा वर्गापुढे विषय मांडायचा, त्याला रेफेराट म्हणतात. सेमिस्टर संपल्यावर एक लांब निबंध लिहायचा, हाउसआर्बाइट, आणि त्याचा विषय आपणच शोधून प्राध्यापकांशी ठरवायचा. विषय आपण शोधायचा ही गोष्ट वाचायला सोपी आहे. सतरा वर्षं दिलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहीत आलेल्या मुलीला ती किती अवघड जाते, ते तिथे बसल्यावर कळतं.

सुरुवातीच्या एका सेमिनारमध्ये मला बोलायला सांगितलं. मी लेखाचा सारांश नीट तयार करून गेले होते, तो सांगितला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे लेखकाचं झालं. तुला काय वाटतं?" त्यांच्या आवाजात टोमणा अजिबात नव्हता, त्यांना खरंच ऐकायचं होतं. मला सांगता आलं नाही. माझ्या शेजारचा मुलगा लेख अर्धाच वाचून आला होता आणि तरी त्याच्याकडे मत होतं. त्याचं मत कच्चं होतं, दोन जणांनी ते खोडूनही काढलं, पण कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मत खोडलं गेलं म्हणजे माणसाचा अपमान झाला असं तिथे कुणी मानत नव्हतं.

वसाहतवादाच्या आठवणी शहरांमध्ये कशा जपल्या जातात, यावर एक सेमिनार होता. त्यात एक दिवस आम्हाला स्टेशनच्या मागच्या बागेत नेलं. तिथे लाल विटांचा, तीन मजली घराएवढा हत्ती उभा आहे. १९३२ साली तो जर्मनीच्या गेलेल्या वसाहतींचं गौरवस्मारक म्हणून उभारला होता. पुढे शहरात त्यावर वाद झाले, चळवळ झाली, आणि १९९० साली तोच हत्ती वसाहतवादविरोधी स्मारक म्हणून नव्याने अर्पण केला गेला. पाडला नाही, हलवला नाही. शेजारी नामिबियातून आणलेल्या दगडांचं एक छोटं स्मारक आहे. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा जो संहार केला, त्याच्या स्मरणार्थ.

तिथे उभं राहून शहराच्या श्रीमंतीवर बोलणं निघालं. कॉफी, तंबाखू, कापूस. ब्रेमेनचं कापूस एक्स्चेंज १८७२चं. कापूस म्हटल्यावर माझे कान टवकारले, कारण माझं आजोळ अकोट तालुक्यात आहे. आजोबांच्या घरी अजूनही कापूसच आहे. मी म्हटलं, इथे आपण बंदराच्या आणि व्यापाऱ्याच्या बाजूने बोलतोय, पण शेताच्या बाजूने हीच गोष्ट वेगळी दिसते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडातल्या कापसाला अचानक भाव आला. त्या कापसासाठी रेल्वे आली, खामगावचा फाटा १८७० साली सुरू झाला. युद्ध संपलं, भाव कोसळले, शेतकरी मात्र कापसातच अडकून राहिला. मी हे बोलत होते तेव्हा सगळे थांबून ऐकत होते, आणि बाई म्हणाल्या, "तुझा निबंधाचा विषय मिळाला."

त्या निबंधासाठी मी जुनी गॅझेटियरं वाचली, विद्यापीठाच्या ग्रंथालयात संध्याकाळी उशिरापर्यंत बसले, आणि रविवारी आजीला फोन लावून विचारत राहिले: सासरी कापूस बाजारात कसा न्यायचे, उचल कुणाकडून घ्यायचे, जिनिंगवाला मोजमाप कसं करायचा. आजीला आधी कळेना की जर्मनीत शिकायला गेलेली नात हे कशाला विचारते. नंतर तीच आठवून आठवून फोन करायला लागली. पुण्यात एवढी वर्षं समाजशास्त्र शिकताना मी आजीला यातलं काही विचारलं नव्हतं, कारण ते कुठल्या युनिटमध्ये नव्हतं. एक्स्चेंजमधून मला काय मिळालं असं कुणी विचारलं, तर मी हेच सांगते.

दुसरी बाजूही सांगते. वर्गात एकटीच भारतीय असलात की भारताबद्दलचा प्रत्येक प्रश्न तुमच्याकडे वळतो. जात, पाऊस, लग्नं, निवडणुका, सगळं. पहिले काही आठवडे मी एकशे चाळीस कोटी लोकांच्या वतीने उत्तरं देत होते आणि दमत होते. मग मी सरळ सांगायला लागले, की मला पुणे माहीत आहे आणि वऱ्हाडातलं एक गाव माहीत आहे, त्यापलीकडचं मीही वाचूनच सांगेन. लोकांना हे उत्तर पटतं.

राहण्याबद्दल थोडक्यात. विद्यार्थी वसतिगृहात स्वतंत्र खोली आणि चौघात स्वयंपाकघर. रात्री दहानंतर शांतता पाळायची. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी भाजी आणून ठेवायची. दहा वाजताचा तास बहुतेक वेळा सव्वादहाला सुरू होतो, आणि तास संपला की टाळ्यांऐवजी बाकावर बोटांनी टकटक करतात.

नोव्हेंबर मात्र जड जातो, हे घरच्यांनीही समजून घ्यावं. पुणे साडेअठरा अक्षांशावर, ब्रेमेन त्रेपन्नावर. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि सकाळी साडेआठनंतर उगवतो, मधल्या वेळात बहुधा पाऊस किंवा ढग. लोक वाईट नसतात, पण कुणी आपणहून दार वाजवून "चल चहा घेऊ" म्हणत नाही. सगळं आधी ठरवून. मला दोन गोष्टींनी तारलं. विद्यापीठाच्या क्रीडा कार्यक्रमात आठवड्यातून दोन संध्याकाळी बॅडमिंटन, आणि भाषेची जोडीदारीण. ती मला जर्मन शिकवायची, मी तिचं इंग्रजी लेखन बघून द्यायचे. ठरलेल्या वेळी ठरलेलं माणूस भेटणार आहे, एवढ्या आधारावर तो महिना निघतो.

परत आल्यावरची लढाई क्रेडिटची, म्हणजे तिकडे केलेले विषय इथल्या पदवीत धरून घेण्याची. ती पुढे प्रतिसादांत लिहीन. प्रश्न जरूर विचारा.

एक_आई_वारजे

किती छान आणि मनापासून लिहिलं आहेस गं. माझ्या मुलीची येत्या हिवाळी सेमिस्टरसाठी निवड झाली आहे, जर्मनीतच, दुसऱ्या शहरात. तिचे बाबा खर्चाचं विचारतात, मला तिच्या खाण्याची आणि त्या काळोखाची काळजी. फी लागत नाही म्हणतात, मग नेमकं लागतं काय काय? स्पष्ट सांगशील का?

मुठेकाठची

काकू, नक्की. करार असलेल्या एक्स्चेंजमध्ये तिकडची शिकवणी फी माफ असते, आपली इथली फी चालू राहते. तिकडे प्रत्येक विद्यार्थ्याला सेमिस्टरचं काही शे युरोंचं शुल्क भरावं लागतं. ब्रेमेनला त्यात ट्राम, बस आणि रेल्वेचा पास आला. मोठा खर्च राहण्याजेवणाचा. व्हिसासाठी तेवढे पैसे आहेत हे दाखवावं लागतं, ते बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवून दाखवतात. २०२४च्या सप्टेंबरपासून ती रक्कम महिना ९९२ युरो धरतात. ते पैसे तुमचेच, दर महिन्याला तेवढेच काढता येतात. आरोग्य विमा सक्तीचा आहे, विद्यार्थ्यांसाठीचा सरकारी विमा महिना सव्वाशे युरोंच्या वर जातो, आणि तो याच ९९२मधून भागवायचा.

खाण्याचं म्हणाल तर मेन्झा, म्हणजे विद्यापीठाची खानावळ, स्वस्त आहे आणि शाकाहारी रोज असतं. तूरडाळ, तांदूळ, मसाले भारतीय दुकानांत मिळतात. तिला लहान कुकर द्या, आणि जाण्याआधी वरण-भात, खिचडी, एक उसळ आणि पोळ्या एवढं हातात बसलेलं असू द्या. काळोखाचं तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे नोव्हेंबरात उदास वाटलं तर ती स्वतःला दोष देणार नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि आपल्यातलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार होतं. फोनची वेळ तेव्हाच बदलून घ्या.

वेझर

मी ब्रेमेनमध्ये बरीच वर्षं राहतो, मूळचा चिंचवडचा. लेख वाचून बरं वाटलं. त्या हत्तीजवळून रोज जाणारे कित्येक जण त्याचा इतिहास विचारत नाहीत.

कामाचं सांगतो. पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा, आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं सहीचं पत्र लागतं, नुसता करार चालत नाही. पुढची बरीचशी कागदपत्रं या नोंदणीवर अवलंबून असतात, म्हणून पहिल्या दिवशीच अपॉइंटमेंट शोधा. काही दिवसांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं. टीव्ही नसला तरी ते लागू आहे, महिना १८.३६ युरो, पण माणशी नाही तर घराला एकच. चौघं मिळून एकच घर असेल तर चौघांत वाटून घ्या. ही पत्रं जर्मनमध्ये असतात, जाहिरात समजून टाकून देऊ नका.

बाटल्यांवर अनामत असते. प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या बाटलीला २५ सेंट, दुकानातल्या मशीनमध्ये परत करायची. विद्यार्थ्याच्या महिन्याला त्यातूनही हातभार लागतो.

आणि जर्मन शिकून या. विद्यापीठात इंग्रजीवर निभावतं, पण डॉक्टरकडे, कार्यालयात, शेजाऱ्याशी निभावत नाही. पुण्याएवढी जर्मन शिकण्याची सोय भारतात थोड्याच शहरांत आहे. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. ए-टू, म्हणजे दुसऱ्या पायरीपर्यंत केलंत तरी पहिल्या महिन्यात फरक कळेल.

पेठेतला

लेखिकेचं लेखन उत्तम आहे, पण एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारतो. युरो शंभरीच्या आसपास धरला तर सहा महिन्यांचे सहा लाख होतात, वर विमानभाडं. हातात पदवी नाही, नोकरी नाही. त्यापेक्षा तेच पैसे साठवून सरळ दोन वर्षांच्या मास्टर्सला का जाऊ नये? जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसतेच. मध्यमवर्गीय घरात सहा लाख ही लहान रक्कम नाही.

मुठेकाठची

प्रश्न योग्य आहे आणि माझं उत्तर स्पष्ट आहे: अनुदान नसेल तर सोनं गहाण टाकून किंवा कर्ज काढून एका सेमिस्टरसाठी जाऊ नये. मला अनुदान मिळालं म्हणून मी गेले, नाहीतर आईबाबांना मी विचारलंही नसतं. युरोपीय विद्यापीठाचा आपल्या विद्यापीठाशी इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या योजनेखाली करार असेल तर त्यात मासिक अनुदान आणि प्रवासखर्च असतो. जर्मनीसाठी डाड (DAAD) या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या वेगवेगळ्या योजना आहेत. कॉलेजच्या इंटरनॅशनल सेलमध्ये जाऊन पहिला प्रश्न हाच विचारा: या जागेबरोबर पैसे आहेत की नुसती फीमाफी?

पण मास्टर्स आणि एक्स्चेंज यांची तुलना मला पटत नाही. मास्टर्सला जाणारा बहुतेक वेळा तिकडे राहायच्या तयारीने जातो. एक्स्चेंजवाला परत येऊन त्याच वर्गात, त्याच बाकावर बसतो, आणि जे शिकला ते तिथे वापरून बघतो. परत आल्यावर मी आमच्या वर्गात दर शुक्रवारी वाचनगट सुरू केला. एक लेख, दीड तास, सारांश सांगायचा नाही, आपलं म्हणणं सांगायचं. आधी मुलं गप्प बसायची. आता वेळ संपली तरी उठत नाहीत. हे पुण्यात व्हायला हवं होतं आणि पुण्यातच झालं.

हुकलेली_संधी

मी हे वाचून खूप वेळ थांबले, मग लिहायचं ठरवलं. माझी तीन वर्षांपूर्वी निवड झाली होती. फीमाफी होती, अनुदान नव्हतं. बाबा रिक्षा चालवतात. ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम ऐकल्यावर घरी दोन दिवस कुणी बोललं नाही, आणि मी स्वतः जाऊन नाव मागे घेतलं. माझी जागा रिकामीच गेली.

आपल्याकडे राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्यामुळे अनेक मुलं बाहेर शिकली, पण ती पूर्ण पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी. एका सेमिस्टरला ती लागू होत नाही. म्हणजे एक्स्चेंजच्या जागा कागदावर सगळ्यांना खुल्या आणि प्रत्यक्षात ज्यांच्या घरी सहा लाख बाजूला आहेत त्यांनाच. कॉलेजं माहितीपत्रकात परदेशी करारांची यादी छापतात. किती मुलांना पैशासकट पाठवलं तेही छापायला हवं.

मुठेकाठची

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या बॅचला अर्ज करताना एकानेही हा प्रश्न विचारला नाही, कारण ज्यांना परवडणार नव्हतं त्यांनी अर्जच केला नव्हता. तुमचा मुद्दा मी आमच्या विभागाच्या बैठकीत मांडणार आहे. तुमचं नाव कुठेही येणार नाही.

निवृत्त_मास्तर

मी एका महाविद्यालयात पुष्कळ वर्षं या कामात होतो. क्रेडिटचा विषय निघाला आहे म्हणून सविस्तर लिहितो, कारण मुलांचं खरं नुकसान तिथे होतं.

पहिली अडचण वेळापत्रकाची. आपलं विषम सत्र जून-जुलैला सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरात संपतं, सम सत्र जानेवारीच्या आसपास सुरू होतं. जर्मनीतलं हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरात सुरू होतं, तास फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि निबंध मार्चपर्यंत लिहायचे असतात. उन्हाळी सेमिस्टरचे तास एप्रिल ते जुलै. कोणतंही घ्या, आपल्या एका सत्राची शेपूट किंवा डोकं त्यात सापडतंच. एम.ए.च्या विद्यार्थ्याने तिसऱ्या सत्रात जावं आणि चौथ्या सत्रातलं प्रबंधाचं काम लांबूनच सुरू करण्याची परवानगी आधी घ्यावी. ही सोय विभागप्रमुखांच्या मनात असली तर होते, पण लेखी असावी. माणसं बदलतात, कागद राहतो.

दुसरी अडचण मोजमापाची. युरोपात क्रेडिट ईसीटीएसमध्ये मोजतात, एका सेमिस्टरला ३० आणि वर्षाला ६०. एक ईसीटीएस म्हणजे विद्यार्थ्याचे एकूण २५ ते ३० तास, त्यात वाचन, लेखन, सगळं आलं. आपल्याकडे एक क्रेडिट म्हणजे साधारण १५ तास वर्गातलं शिकवणं. दोन्ही आकडे शेजारी ठेवून सरळ बरोबरी करता येत नाही. शहाणपणाची रीत अशी, की पूर्ण सेमिस्टरचा भार पूर्ण सेमिस्टरशी जुळवावा आणि मग विषयवार वाटावा.

तिसरी अडचण गुणांची. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम उत्तीर्ण. आपल्याकडे दहापैकी जितके जास्त तितके चांगले. ट्रान्सक्रिप्टबरोबर, म्हणजे तिकडच्या गुणपत्रकाबरोबर, त्यांच्या श्रेणीचा खुलासा करणारा कागद जोडलेला नसेल, तर १.३ मिळवणारी हुशार मुलगी इथल्या टेबलावर नापास दिसते. बव्हेरियन सूत्र नावाची एक सर्वमान्य पद्धत आहे. इथल्या सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, सर्वोच्च आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. उलट्या दिशेने मांडलं तर १० सर्वोच्च आणि ४ किमान धरून जर्मन १.३ म्हणजे आपले ९.४ येतात.

एक भेद लक्षात ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली परदेशी विद्यापीठांबरोबरच्या ट्विनिंग (पदवी इथलीच, पण अभ्यासाचा काही भाग तिकडे), संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवीचे नियम केले, त्यात ट्विनिंगखाली ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट बाहेर घेता येतात. साधं एक्स्चेंज म्हणजे ट्विनिंग नव्हे, त्याचा आधार दोन संस्थांमधला करार. तो करार मागून वाचा. विद्यार्थ्याला तो वाचायचा हक्क आहे.

मुठेकाठची

सर, मनापासून आभार. मला हेच अनुभवाला आलं. कॉलेजचं नाव देत नाही. जाण्याआधी तोंडी सगळे हो म्हणाले होते, परत आल्यावर कार्यालयात तीन टेबलांवर तीन वेगळी उत्तरं. शेवटी लर्निंग ॲग्रीमेंट, म्हणजे कुठला विषय कशाच्या बदली घेणार याचा दोन्ही संस्थांच्या सह्या असलेला कागद, तोच कामी आला. ज्या विषयावर सही होती तो लगेच मान्य झाला. तिकडे गेल्यावर बदललेल्या एका विषयाला नवीन सही मागूनही इथून वेळेत उत्तर आलं नव्हतं, तो अजून अडकला आहे.

कोराकुएन

जर्मनीचा धागा आहे, पण थोडं जपानचं सांगू का? मी ओकायामाला एक्स्चेंजवर होतो. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेच्या धर्तीवर केलं आहे, ती कोराकुएन तिथली, १७०० साली पूर्ण झालेली. पुण्यात लहानपणी ज्या बागेत भेळ खाल्ली, तिचं मूळ तिथे पाहिलं तेव्हा फार भरून आलं.

जपानचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, दुसरं सत्र सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरात. जासो (JASSO) या जपानी विद्यार्थी साहाय्य संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ८०,००० येन. परवानगी काढून आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. वर्गात मुलं आपल्यासारखीच गप्प असतात, पण झेमी नावाचा प्रकार असतो: एका प्राध्यापकांभोवती दहा-पंधरा जणांचा गट, आणि तो गट म्हणजे कुटुंबच. अभ्यास, सहल, जेवण सगळं एकत्र. लेखिकेला वर्गात बोलायला शिकायला लागलं, मला तिथे इतरांचं बोलणं पुरतं होऊ द्यायला शिकावं लागलं. दोन्ही देशांना एकच सल्ला चालणार नाही, एवढंच सांगायचं होतं.

कर्वेनगर_गच्ची

एक बाजू राहिली. एक्स्चेंज दोन दिशांनी चालतं. आमच्या वरच्या मजल्यावर गेली काही वर्षं पुण्यात शिकायला येणारी परदेशी मुलं राहतात. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर चौदा दिवसांत त्यांनाही इथे परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते, घरमालक म्हणून मलाही माहिती भरावी लागते. म्हणजे आनमेल्डुंग आपल्याकडेही आहे.

मला सांगायचं आहे ते वेगळं. आमच्याकडे राहिलेल्या एका जर्मन मुलीला वर्गातल्या मुलांनी सिंहगडावर नेलं, गणपती दाखवले, लग्नाला नेलं, साडी नेसवली. फार प्रेमाने वागवलं. पण जाताना ती मला म्हणाली, सगळ्यांनी मला पाहुणी केलं, अभ्यासाला कुणी बरोबर घेतलं नाही. ग्रुपवर नोट्स मराठीत-हिंदीत फिरायच्या, प्रोजेक्टला तिला कुणी गटात घेत नव्हतं, तिला त्रास नको म्हणून. आपली मुलं तिकडे जाऊन जे शोधतात, तेच ती इथे शोधत होती. तुमच्या वर्गात असं कुणी आलं तर गडावर न्याच, पण शेजारच्या बाकावर बसवून वाचायलाही घ्या.

मुठेकाठची

काकू, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आमच्या शुक्रवारच्या वाचनगटात पुढच्या सत्रापासून एक्स्चेंजवर आलेल्या मुलांना बोलवेन, आणि गट इंग्रजी-मराठी दोन्हीत चालवू.

एक_आई_वारजे

धागा वर काढते. मास्तरांचा प्रतिसाद मुलीला छापून दिला. ती काल तो घेऊनच विभागप्रमुखांकडे गेली. चार विषयांपैकी तीन विषयांवर सही झाली. चौथ्यावर सर म्हणतात, आपल्याकडे असा पेपरच नाही, कशाच्या बदली देऊ? विषय शहरी स्थलांतराचा आहे आणि तिला तोच घ्यायचा आहे. अनुदानाचं उत्तर अजून यायचंय. ते आलं नाही तर जायचं नाही, असं आम्ही तिघांनी बसून ठरवलं आहे, तीही मनापासून हो म्हणाली.

निवृत्त_मास्तर

वैकल्पिक विषयाच्या क्रेडिटखाली मागा. हुबेहूब पेपर असण्याची गरज नसते, पातळी आणि तास जुळले की पुरतं. तिकडच्या विषयाची माहिती, वाचनयादी आणि मूल्यमापनाची पद्धत असं एक पान तयार करून सरांना द्या. सरांना अभ्यासमंडळापुढे दाखवायला काहीतरी लागतं. ते तुम्ही दिलंत तर त्यांचंही काम सोपं होतं.

मुठेकाठची

काकू, असं पान मी माझ्या एका विषयासाठी केलं होतं. व्यक्तिगत निरोपातून पाठवते, तिला नमुना म्हणून वापरता येईल. वाचनयादी तिकडच्या प्राध्यापकांना मेल करून मागायची, बहुतेक जण आनंदाने देतात. आणि सही झाली की प्रत तिच्याकडे, एक घरी, एक स्कॅन करून दोन्ही विद्यापीठांना.